आयईएलटीएस वाचन : 'चूक' कुठे संपते आणि 'उल्लेख नाही' कुठे सुरू होते?

रात्रपाळी (धागाकर्ती) | मंगळवार, पहाटे ५:२०

नमस्कार. मी नाशिकमधील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे आणि यूकेमध्ये नोंदणी करण्यासाठी आयईएलटीएस ॲकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे. तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला वाचन, श्रवण आणि संभाषण या तिन्हींत ७ आणि लेखनात ६.५ बँड (गुणांची श्रेणी) लागतो. सगळ्यांनी लेखनाची भीती घातली होती, ते पहिल्याच प्रयत्नात निभावले. अडले ते वाचनाच्या ६.५ वर. घरी सोडवलेल्या सरावसंचांतही ४० पैकी २७ च्या पुढे गाडी सरकत नाही आणि ७ साठी साधारण ३० उत्तरे बरोबर यावी लागतात.

गेल्या सुटीच्या दिवशी शेवटच्या सहा संचांमधले चुकलेले सगळे प्रश्न मी एका वहीत उतरवले. निम्म्याहून अधिक चुका ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन (दिलेले विधान उताऱ्यानुसार बरोबर, चूक की उल्लेखच नाही ते लिहा) या एकाच प्रकारातल्या निघाल्या आणि त्यांतही बहुतेक एकाच दिशेच्या होत्या : उत्तर नॉट गिव्हन होते आणि मी फॉल्स लिहिले होते. मी ज्या क्लासला जात होते तिथे सांगितले होते की विधानातला मुख्य शब्द उताऱ्यात सापडला नाही तर बिनधास्त नॉट गिव्हन लिहावे. तसे करून पाहिले तेव्हा आधी बरोबर येणारी ट्रूची उत्तरेही हातची गेली, कारण उताऱ्यात तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितलेली असते.

माझे इंग्रजी अगदीच कच्चे आहे असे नाही. उतारा समजतो, विधानही समजते, तरी उत्तर चुकते. याचा सराव नेमका कसा करावा, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? नुसते आणखी संच सोडवून उपयोग होत नाही, एवढे माझ्या लक्षात आले आहे.

जुना_फळा | मंगळवार, सकाळी ९:०५

ताई, मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवले आणि निवृत्तीनंतर पंचवटीत घरीच दोन-चार मुलांची या परीक्षेची तयारी करून घेतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याकडे पहिलीपासून 'चूक की बरोबर ते लिहा' हा प्रश्न असतो. त्याला दोनच दारे असतात. एक बंद दिसले की मूल दुसऱ्यातून आत शिरते. शिवाय तो प्रश्न धड्याखाली छापलेला असला तरी मुलाला मुळात ती गोष्ट माहीत आहे की नाही, हेच त्यातून तपासले जाते. या परीक्षेत मात्र तिसरे दार आहे, आणि प्रश्न जगाबद्दल नसून समोरच्या कागदाबद्दल असतो. कागद काय बोलतो, कशाला नाही म्हणतो आणि कशाविषयी गप्प बसतो, एवढेच तिथे विचारलेले असते. नाही म्हणणे आणि गप्प बसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे घरच्या व्यवहारात आपल्याला पक्के ठाऊक असते. मुलीकडच्यांनी नकार कळवला आणि मुलीकडच्यांचे अजून काहीच उत्तर आले नाही, यांत कोणी गल्लत करीत नाही. कागद हातात आला की मात्र ती होते.

मी मुलांना एक रीत देतो. विधान घटकाभर खरे धरा आणि उतारा पुन्हा वाचा. विधान खरे मानल्याने उताऱ्यातले एखादे वाक्य खोटे पडत असेल, तर उत्तर फॉल्स. कोणतेच वाक्य खोटे पडत नसेल, तर आता विधान उलटे करा आणि पुन्हा तेच पाहा. उलट्या विधानाने उताऱ्यातले वाक्य खोटे पडले, तर मूळ विधान ट्रू. विधान सुलटे ठेवा की उलटे करा, उताऱ्याचे काहीच बिघडत नसेल, तर नॉट गिव्हन.

आता हा लहानसा उतारा घ्या. मुद्दाम मराठीत आणि मुद्दाम आपल्या जिल्ह्यातला दिला आहे.

'धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. त्यांचा पहिला कथापट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. या मूकपटातील सर्व स्त्रीभूमिका पुरुषांनी केल्या होत्या.'

विधाने अशी आहेत. एक : फाळके यांनी एकापेक्षा अधिक संस्थांत शिक्षण घेतले. दोन : त्यांच्या पहिल्या कथापटातील राणीचे काम एका अभिनेत्रीने केले. तीन : स्त्रिया काम करण्यास तयार नसल्यामुळे त्या चित्रपटात पुरुषांना स्त्रीवेष घ्यावा लागला. चार : त्या चित्रपटाचे चित्रीकरण त्र्यंबकेश्वर येथे झाले.

उत्तरे लगेच देत नाही. सर्वांनी आधी आपापली लिहावीत.

पिंपळगावकर | मंगळवार, दुपारी १:३०

सर, माझी उत्तरे : ट्रू, फॉल्स, ट्रू, फॉल्स. तिसऱ्याबद्दल मला खात्री आहे, कारण फाळक्यांना त्या काळी स्त्री कलाकार मिळाल्या नाहीत ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चौथेही पक्के आहे, कारण त्यांचा स्टुडिओ मुंबईत दादरला होता.

जुना_फळा | मंगळवार, दुपारी २:१०

पिंपळगावकर, तुमचे इतिहासाचे ज्ञान उत्तम आहे आणि परीक्षेत तुमचे दोन गुण गेले. तिसरे विधान जगात खरे आहे आणि चौथे जगात खोटे आहे, पण चार वाक्यांच्या या उताऱ्यात पुरुषांनी भूमिका का केल्या हे सांगितलेले नाही आणि चित्रीकरण कुठे झाले हेही सांगितलेले नाही. दोन्ही उलटी करून पाहा. 'स्त्रिया तयार होत्या, तरी पुरुषांना घेतले' असे म्हटले तरी उताऱ्यातले एकही वाक्य खोटे पडत नाही. म्हणून दोन्ही नॉट गिव्हन.

तिसऱ्यातला सापळा अधिक बारीक आहे. विधानाचा अर्धा भाग, म्हणजे पुरुषांनी स्त्रीवेष घेतला हा, उताऱ्यात जसाच्या तसा आहे. त्याला चिकटवलेले कारण मात्र बाहेरचे आहे. 'बिकॉज', 'ड्यू टू', 'ॲज अ रिझल्ट' असे शब्द विधानात दिसले की त्या कारणाचाच पुरावा शोधायचा असतो. घटना सापडली म्हणून कारणही सापडले, असे समजायचे नाही.

पिंपळगावकर | मंगळवार, रात्री ९:४५

मान्य. आता एक उतारा माझ्याकडून, कारण या विषयात मला कोणी शिकवायला येऊ नये अशी माझी समजूत होती. आमची द्राक्षाची बाग आहे आणि मी पुढच्या शिक्षणासाठी हीच परीक्षा देतो आहे.

'द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीनंतर वेलीवर नव्या काड्या तयार होतात, तर ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या फळछाटणीनंतर त्या काड्यांवर घड धरतात. नाशिक जिल्ह्याच्या काही भागांत बागायतदार हंगामाच्या सुरुवातीचा चढा दर मिळावा म्हणून फळछाटणी बऱ्याच आधी उरकतात.'

विधाने : एक, दोन्ही छाटण्यांचा हेतू लगेच घड धरणे हाच असतो. दोन, फळछाटणीपेक्षा खरड छाटणीला अधिक मजूर लागतात. तीन, लवकर छाटणी केलेल्या बागांना पावसाचा धोका अधिक असतो. चार, लवकर छाटणी करणाऱ्या बागायतदारांना चढा दर मिळतो.

मी हे लिहायला बसलो तेव्हा चौथे विधान ट्रू म्हणून रचले होते. लिहून झाल्यावर सरांची रीत लावली आणि पंचाईत झाली.

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ७:५५

पहिले फॉल्स आहे, कारण खरड छाटणीनंतर काड्या तयार होतात असे स्पष्ट म्हटले आहे. दुसऱ्यात दोन छाटण्यांची तुलना आहे आणि उताऱ्यात दोन्ही छाटण्या असल्या तरी मजुरांच्या बाबतीत त्यांची तुलना केलेली नाही, म्हणून नॉट गिव्हन. तिसरे कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातला कोणताही शेतकरी झोपेतही खरे म्हणेल, पण उताऱ्यात पावसाचे नाव नाही, म्हणून तेही नॉट गिव्हन.

चौथे मात्र मला ट्रूच वाटते. चढा दर मिळावा म्हणून बागायतदार छाटणी लवकर करतात, याचा अर्थ त्यांना तो मिळतो असाच होतो. मिळत नसता तर दरवर्षी कोण कशाला करील?

जुना_फळा | बुधवार, सकाळी ८:४०

गोदाकाठ, 'दरवर्षी' हा शब्द तुम्ही आणलात, उताऱ्यात तो नाही. 'मिळावा म्हणून' हा हेतू झाला आणि 'मिळतो' हे फळ झाले. मुलाला पहिला नंबर मिळावा म्हणून शिकवणी लावली, या वाक्यावरून मुलाचा नंबर आला की नाही हे कळत नाही. चौथे नॉट गिव्हन आहे. परीक्षकांना ही जागा फार आवडते, कारण तिथे वाचणारा शब्द चुकवत नाही, शब्दांमधली रिकामी जागा स्वतः भरून टाकतो.

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ८:५२

पटले, पण जरा नाइलाजाने पटले, एवढे नोंदवून ठेवतो.

त्र्यंबकरोड | बुधवार, दुपारी १२:१५

चर्चा छान चालली आहे, तरी एक शंका विचारतो. परीक्षा इंग्रजीची आहे. मराठी उताऱ्यांवर एवढा खल करून ताईंना काय मिळणार? शब्दसंग्रह वाढवला तर ही सगळी अडचण आपोआप सुटणार नाही का?

जुना_फळा | बुधवार, दुपारी ४:३०

शंका रास्त आहे. मराठी उतारा मी निदानासाठी देतो. मराठीत सगळी उत्तरे बरोबर येत असतील आणि इंग्रजीत चुकत असतील, तर दुखणे शब्दांचे किंवा वाक्यरचनेचे आहे आणि त्यावर वाचन वाढवणे हाच उपाय. मराठीतही तीच चूक होत असेल, तर शब्दकोश पाठ करूनही ती जाणार नाही, कारण ती इंग्रजीमुळे होतच नाही. पिंपळगावकरांनी स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या बागेवर लिहिलेल्या उताऱ्यात स्वतःच चूक केली, हे आपण आत्ताच पाहिले.

दुसरी_खेप | बुधवार, रात्री ११:१०

मी मूळचा नाशिक रोडचा, सध्या डब्लिनला असतो. पहिल्या प्रयत्नात वाचनात ६.५ आणि दुसऱ्यात ८ मिळाले होते, त्यामुळे सरांनी सांगितलेल्या रीतीच्या जोडीला भाषेच्या बाजूने थोडी भर घालतो. मराठी माणूस इंग्रजी वाचताना काही ठिकाणी मनातल्या मनात भाषांतर करतो आणि तिथेच फसतो.

पहिली जागा 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांची. आपण दोन्हींचे 'थोडे' किंवा 'काही' करून मोकळे होतो. 'अ फ्यू' म्हणजे काही आहेत, 'फ्यू' म्हणजे फारसे नाहीतच. उताऱ्यात 'फ्यू फार्मर्स' असेल आणि विधानात 'ही पद्धत शेतकऱ्यांमध्ये लोकप्रिय होती' असे असेल, तर उत्तर फॉल्स आहे. एका अक्षराच्या फरकाने मी ते ट्रू केले होते. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचेही तेच. 'हार्डली' या शब्दाच्या अर्थाचा 'हार्ड'च्या अर्थाशी काही संबंध नाही, हे शाळेत शिकूनही घाईत विसरायला होते.

दुसरी जागा 'नॉट अनटिल' ही. आमच्या घराजवळच्या करन्सी नोट प्रेसचे उदाहरण देतो. तिथे १९२८ साली छपाई सुरू झाली आणि त्यापूर्वी सरकारी नोटा इंग्लंडमधून छापून येत असत. इंग्रजीत हे 'नोटा भारतात १९२८ अनटिल छापल्या गेल्या नाहीत' अशा घाटाच्या वाक्यात येते. आपण त्याचे '१९२८ पर्यंत छापल्या नाहीत' असे करतो आणि '१९२८ मध्ये छापल्या जात होत्या' या विधानापाशी थबकतो. त्या रचनेचा रोख मुळात 'छपाई सुरू झाली ती थेट १९२८ साली' असा असतो, म्हणून उत्तर ट्रू.

तिसरी जागा सर्वांत महागाची. उताऱ्यात 'मे', 'माइट', 'इज थॉट टू', 'सम रिसर्चर्स क्लेम' असे हातचे राखून लिहिलेले असते आणि विधानात तीच गोष्ट ठासून सांगितलेली असते. मराठीत आपण 'म्हणे', 'असावे', 'असे मानतात' हे शब्द बरोबर ओळखतो. 'पाऊस येईल म्हणे' आणि 'पाऊस येणार' यांतला फरक कोणाला सांगावा लागत नाही. इंग्रजीतला 'मे' मात्र डोळ्यांसमोरून सरळ निघून जातो. 'काही संशोधकांच्या मते हा रंग वनस्पतीपासून मिळवला असावा' एवढेच उताऱ्यात असेल, तर 'हा रंग वनस्पतीपासून मिळवला होता' हे विधान ट्रू होत नाही आणि फॉल्सही होत नाही. संशोधकांचा अंदाज खरा निघो की खोटा, उतारा जसाच्या तसा उभा राहतो.

आता वेळेबद्दल. तीन उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटे, आणि वाचनाच्या भागात उत्तरे उतरवून घ्यायला वेगळा वेळ मिळत नाही. या प्रकारातली विधाने उताऱ्याच्या क्रमानेच येतात, ही गोष्ट फार उपयोगाची आहे. तिसऱ्या विधानाचे उत्तर दुसऱ्या परिच्छेदात आणि पाचव्याचे चौथ्या परिच्छेदात सापडले असेल, तर चौथ्या विधानाचा विषय मधल्या टापूतच असला पाहिजे. तो टापू नीट वाचूनही हाती काही लागले नाही, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून शोधाशोध करत बसू नये. जे नाहीच ते शोधण्यात माझी पहिल्या वेळी कितीतरी मिनिटे गेली आणि तिसऱ्या उताऱ्याचे शेवटचे काही प्रश्न वाचायचेच राहिले. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे रकाना रिकामा ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

गोदाकाठ | गुरुवार, सकाळी ७:३०

'येस, नो, नॉट गिव्हन' असा आणखी एक प्रकार असतो. तो याहून वेगळा आहे का?

दुसरी_खेप | गुरुवार, दुपारी १:०५

तर्क तोच आहे. ट्रू-फॉल्समध्ये उताऱ्यातली माहिती तपासतात, तर येस-नोमध्ये लेखकाचे मत किंवा दावा तपासतात. त्यामुळे दुसऱ्या प्रकारात उताऱ्यातले मत लेखकाचे स्वतःचे आहे की त्याने दुसऱ्या कोणाचे उद्धृत केले आहे, हे पाहावे लागते. उत्तर लिहिताना मात्र सूचनेत जे शब्द असतील तेच लिहावेत.

रात्रपाळी | शुक्रवार, पहाटे ४:४८

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस तुमचे प्रतिसाद वाचत आणि माझी चुकांची वही पुन्हा चाळत होते. फाळक्यांच्या उताऱ्यात मी तिसरे विधान बरोबर ओळखले आणि चौथे फॉल्स लिहिले. द्राक्षांच्या उताऱ्यात दुसरे आणि तिसरे, दोन्ही फॉल्स लिहिली. म्हणजे सरांचे निदान खरे ठरले : माझी चूक मराठीतही तीच आहे आणि नेहमी एकाच बाजूला झुकते. पिंपळगावकर उताऱ्याबाहेरचे ज्ञान आत आणतात. माझे तसे नाही, मला द्राक्षांतले काही कळत नाही. उताऱ्यात मजुरांचा उल्लेख नव्हता, म्हणून मी ते विधान खोटे ठरवले.

काल वॉर्डात कामाची सूत्रे घेताना याचे कारण अचानक उमगले. परिचारिकेच्या शिक्षणात पहिल्या वर्षापासून एक वाक्य कानी पडते : लिहिले नाही म्हणजे केले नाही. दोन वाजताचे इंजेक्शन दिल्याची नोंद कागदावर नसेल, तर ते दिलेले नाही असे धरायचे. देणाऱ्या बाईने कितीही शपथा घेतल्या तरी कागद तेच सांगणार. इतकी वर्षे मी कागदाच्या गप्प बसण्याला 'नाही' असेच वाचत आले आहे. ती सवय वॉर्डात योग्य आहे आणि परीक्षेत तीच मला प्रत्येक संचात तीन-चार गुणांना बुडवते.

सर, ही सवय मोडायची कशी? आणि मोडली तर कामात घोळ होणार नाही ना, हीही भीती आहे.

जुना_फळा | शुक्रवार, सकाळी १०:२०

ताई, हे मला सुचले नसते. सवय मोडू नका, तिची हद्द ठरवून घ्या. तुमचे ते वाक्य कृतीच्या नोंदीपुरते आहे : जी कृती केली की लिहायचीच, असा नियम आहे, तिथे न लिहिणे हाच पुरावा होतो. उताऱ्याच्या लेखकाने सगळे लिहिण्याचा असा कोणताही करार केलेला नसतो. त्याला मजुरांविषयी लिहायचे नव्हते, म्हणून त्याने लिहिले नाही.

सरावाचे म्हणाल तर आता काही दिवस संच सोडवू नका, रचा. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातली एक साधी बातमी घ्या, शहरातली असली तर उत्तम, आणि तिच्यावर स्वतः तीन विधाने लिहा : एक ट्रू, एक फॉल्स, एक नॉट गिव्हन. ट्रूचे विधान बातमीतले शब्द न वापरता लिहायचे. फॉल्सच्या विधानाखाली बातमीतली नेमकी कोणती ओळ त्याला खोटे पाडते, ती उतरवायची; ओळ उतरवता आली नाही, तर ते विधान फॉल्स नाही. नॉट गिव्हन रचणे सर्वांत कठीण जाते, कारण ते विषयाला धरून असावे लागते. पाणीकपातीच्या बातमीवर 'महापौरांना आंबे आवडतात' असे विधान रचले, तर त्यात कोणीच फसणार नाही. 'गंगापूर धरणातील साठा गेल्या वर्षीपेक्षा कमी आहे' असे रचावे, आणि बातमीत गेल्या वर्षीचा आकडा नसावा.

संच सोडवाल तेव्हाही फॉल्स लिहिण्यापूर्वी खोटे पाडणाऱ्या ओळीवर बोट ठेवायचे. बोट ठेवायला ओळ सापडत नसेल, तर फॉल्स लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पिंपळगावकर | शुक्रवार, रात्री ८:१५

मला हेच बोट ट्रूच्या उत्तरांसाठी लावून घ्यावे लागणार आहे. ताईंचा आजार आणि माझा आजार उलट आहेत, औषध मात्र एकच दिसते.

रात्रपाळी | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:३०

मध्यंतरी लिहिता आले नाही, क्षमस्व. रोज एक बातमी हा नेम सिटीलिंकच्या बसमध्ये बसल्या बसल्या पाळला. काही दिवस बुडाले, पण वही भरत आली आहे. काल अधिकृत सरावसंचांपैकी एक नवा संच घड्याळ लावून सोडवला. एकूण ३१ आले आणि ट्रू-फॉल्सच्या सहापैकी पाच बरोबर आले. जे चुकले त्यात मी फॉल्सच्या जागी नॉट गिव्हन लिहिले होते, म्हणजे आता लंबक थोडा दुसरीकडे गेला आहे.

सरांनी रचायला सांगितले होते, म्हणून वॉर्डातल्या कागदावरून एक उतारा रचला आहे. रुग्ण काल्पनिक आहे.

'रुग्ण सकाळी दहा वाजता दाखल झाला. साडेदहा वाजता त्याचे तापमान १०२ अंश फॅरनहाइट होते. त्याला आठ वर्षांपासून मधुमेह असून त्यासाठी तो गोळ्या घेतो. औषधांच्या ॲलर्जीचा रकाना रिकामा आहे.'

विधाने : एक, रुग्णाला पूर्वीचा कोणताही आजार नाही. दोन, रुग्ण मधुमेहाच्या गोळ्या नियमित घेतो. तीन, रुग्णाला कोणत्याही औषधाची ॲलर्जी नाही. चार, दाखल होताना रुग्णाला ताप होता.

तिसऱ्या विधानाची एक हकिकत सांगते. परवा असाच रिकामा रकाना पाहून नव्या मुलीने मला 'ॲलर्जी नाही ना, सिस्टर?' असे विचारले आणि मी सवयीने 'नाही' म्हणणार होते. मग म्हटले, नाही असे कुठे लिहिले आहे, इथे काहीच लिहिलेले नाही. रुग्ण शुद्धीवर होता. त्यालाच जाऊन विचारले आणि तो रकाना भरला.

जुना_फळा | रविवार, दुपारी १२:५०

पहिले फॉल्स, मधुमेहाच्या ओळीवर बोट. दुसरे नॉट गिव्हन, कारण 'घेतो' आणि 'नियमित घेतो' यांत अंतर आहे आणि ते किती असते हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. तिसरे नॉट गिव्हन. चौथ्यालाही मी नॉट गिव्हन म्हणेन.

दुसरी_खेप | रविवार, सायंकाळी ५:२५

सर, चौथ्याला माझा विरोध आहे. अर्ध्या तासात १०२ पर्यंत ताप कुठून चढणार? दाखल होताना थोडा तरी असणारच. कोणताही समंजस वाचक हे ट्रू धरील.

रात्रपाळी | रविवार, रात्री ९:३५

थंडी वाजून आली तर अर्ध्या तासात चढतो, आम्ही पाहतो. पण हे मी वॉर्डातून सांगते आहे, उताऱ्यातून नाही, हे लिहिता लिहिताच लक्षात आले.

जुना_फळा | सोमवार, सकाळी ८:०५

तर्काने पाहिले तर नॉट गिव्हन हेच उत्तर टिकते, पण दुसरी_खेप यांचा आक्षेप मी उडवून लावणार नाही. ज्या विधानावर दोन जाणती माणसे भांडू शकतात, ते विधान रचण्यात दोष असतो. अधिकृत संचांतले प्रश्न छापण्यापूर्वी खऱ्या परीक्षार्थींवर आजमावून पाहिलेले असतात, म्हणून तिथे अशी जागा सहसा सापडत नाही. फुकट वाटल्या जाणाऱ्या संचांत मात्र त्या भरपूर असतात, आणि मुले त्यांच्या उत्तरपत्रिकेवर विश्वास ठेवून स्वतःचे बरोबर उत्तर खोडतात. ताई, चौथे विधान 'साडेदहा वाजता रुग्णाला ताप नव्हता' असे बदलून घ्या, म्हणजे तुमच्या लंबकाला हवा असलेला आणखी एक फॉल्स मिळेल.

रात्रपाळी | सोमवार, पहाटेची पाळी संपवून, सकाळी ९:१०

बदलले. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची परीक्षेची जागा नोंदवली आहे. तोवर रोजच्या बातमीवरची तीन विधाने इथेच टाकत जाईन. आजची गोदावरीच्या पाणवेलींच्या बातमीवरची आहेत, दुपारी झोप झाली की लिहिते.